पिशवी काढण्याआधी

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82,000 बायकांपैकी 13,000 हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 या वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची रीत एकसारखी नाही हे मान्य केलं, तरी एवढी तफावत मोजणीच्या फरकाने पडत नाही. या बायका बीडच्या म्हणून प्रश्नही बीडचा ठरला. पण त्यांचं जवळजवळ निम्मं वर्ष जातं ते पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा कारखान्यांना ऊस पुरवणारी बारामती-इंदापूरकडची कऱ्हाटी हा त्यातलाच मुलूख. मोळी डोक्यावर चढते ती इथे, बाळंतपणानंतर महिन्याभरात हाती कोयता येतो तो इथे, आणि राहत्या कोपीच्या आसपास आडोसा नसल्याने लघवी तासन् तास दाबून धरली जाते तीही इथेच. शस्त्रक्रिया गावाकडे झाली तरी तिच्याआधीची दुखणी बारामती-इंदापूरच्या शिवारातून सोबत गेलेली असतात.

ही दुखणी कोणती, हे नीट वेगळं करून पाहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत फार रक्त जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं, खोकलं किंवा ओझं उचललं की लघवी सुटणं, आणि ‘अंग बाहेर येणं’. यातल्या जंतुसंसर्गाला औषध लागतं. रक्तस्रावाचं कारण शोधावं लागतं, आणि त्यात कधी गाठ किंवा कर्करोगही सापडतो. लघवी सुटणं, अंग उतरणं आणि कंबर-ओटीपोटाच्या दुखण्यातला बराचसा भाग मात्र पिशवीच्या आजाराचा नसतो. तो तिच्या खालच्या स्नायूंचा असतो. आणि स्नायूवरचा पहिला उपचार व्यायाम आहे, योग्य रीतीने शिकवलेला आणि पुरेसे दिवस केलेला. या प्रकरणात मला एवढंच म्हणायचं आहे: ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी ही शहरातल्या सवडवाल्या बायकांची चैन नव्हे. पिशवीला हात लावण्याआधी जी पायरी चढायला हवी ती ही, आणि आज आपल्याकडे तीच गाळली जाते.

आधी हा तळ कसा आहे ते पाहू. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो, लहान बाळाच्या झोळीसारखा. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांचं ओझं त्याच्यावर असतं. लघवीची वाट, योनी आणि गुदद्वार त्याच्यातूनच बाहेर पडतात, त्यामुळे उघडझाप हेही त्याचंच काम. खोकला, शिंक, हसू, जड वस्तू उचलणं यांनी पोटातला दाब एकदम वाढतो. अशा वेळी हा पडदा क्षणभर आधी आवळून वर ओढला गेला तर लघवीची नळी मिटलेली राहते. तो सैल पडला असेल, उशिरा आवळला जात असेल, किंवा त्याची नस ताणली गेली असेल तर दोन थेंब गळतात. बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणला जातो, असं संगणकावरच्या प्रतिमानांनी दाखवलं आहे. शरीरातला दुसरा कोणताही हालचालीचा स्नायू एवढा ताणून पुन्हा कामाला लागत नाही. बहुतेक जणींचा तो सावरतो. काहींचा हाडापासून सुटतो, काहींचा कमजोर राहतो. पुढे वाढतं वजन, जुनाट खोकला, संडासला रोज जोर करावा लागणं आणि पाळी गेल्यावर ऊतींचा घटलेला जोम यांची भर पडते, आणि विशीतलं नुकसान चाळिशीत दिसू लागतं.

या स्नायूचा व्यायाम वैद्यकाच्या पुस्तकात पक्का बसवला तो लॉस एंजेलिसमधले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी, 1948 मध्ये. बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या बायकांना ते शस्त्रक्रियेआधी स्नायू आवळायला शिकवत. आवळण्याचा जोर दाखवणारं दाबमापक यंत्रही त्यांनी बनवलं होतं, म्हणजे बाईला स्वतःची प्रगती काट्यावर दिसे. त्यांचं नाव व्यायामाला चिकटलं, यंत्र आणि शिकवणं मात्र मागे पडलं. ‘केगेल करा’ एवढाच सल्ला उरला. गेल्या तीस वर्षांत या व्यायामाची जी काटेकोर तपासणी झाली, तिचा निकाल मात्र स्पष्ट आहे. कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये 14 देशांतल्या 31 चाचण्या एकत्र पाहिल्या. खोकताना किंवा ओझं उचलताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी ज्यांनी हा व्यायाम केला त्यांतल्या 56 टक्के जणींनी त्रास पूर्ण गेल्याचं सांगितलं. ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांच्यात हे प्रमाण 6 टक्के होतं. अंग उतरण्याच्या तक्रारीवर 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ने एक मोठी चाचणी छापली. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या 447 बायका तीत होत्या. फिजिओथेरपिस्टने एकेकीला तपासून व्यायाम दिला होता, आणि वर्षभरानंतर त्यांना खाली काही उतरल्यासारखं वाटणं, ओढ लागणं हे त्रास दुसऱ्या गटापेक्षा कमी होते. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच लघवीच्या या तक्रारीत पहिला उपचार म्हणून किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आवळण्या असा व्यायाम देखरेखीखाली सुचवतात. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर येतो.

‘देखरेखीखाली’ हा शब्द इथे शोभेचा नाही. एवढा सोपा व्यायाम आहे, तर मोबाइलवर पाहून का करू नये, असा प्रश्न कोणीही विचारेल. त्याचं उत्तर 1991 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात आहे. 47 बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि मग त्या काय करतात ते मोजलं. निम्म्याच जणींना तो बरोबर जमला. चौथा हिस्सा असा निघाला की त्यांची रीत उलट लघवी सुटण्याला हातभार लावणारी होती, कारण त्या वर ओढण्याऐवजी खाली जोर करत होत्या. ज्या बाईचं अंग आधीच उतरलंय तिने महिनोन् महिने रोज खाली जोर केला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट आधी तपासते. बाईची संमती घेऊन, हातमोजा घालून, बोटाने स्नायूचा जोर पाहते आणि त्याला शून्य ते पाच असे गुण देते. वात आणि लघवी एकदम रोखतोय अशा बेताने आत-वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, पोट फुगवायचं नाही, कुल्ले आणि मांड्या आवळायच्या नाहीत, हे हाताखाली शिकवते. मग सहा-आठ सेकंद धरून ठेवण्याच्या सावकाश आवळण्या आणि झटक्याच्या चपळ आवळण्या अशी दोन्ही प्रकारची मात्रा ठरते, आणि दर काही आठवड्यांनी वाढते. याला महागडी यंत्रं लागतात असंही नाही. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 600 बायकांवर झालेल्या चाचणीत एका गटाला यंत्राची जोड होती, दुसऱ्याला फक्त शिकवलेला व्यायाम. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक उरला नाही. ज्या तालुक्यात यंत्र विकत घेण्यापेक्षा माणूस शिकवणं सोपं आहे, त्या तालुक्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

आपल्याकडे दुसरा आक्षेप योगाच्या बाजूने येतो. मूलबंध आणि अश्विनी मुद्रा आपल्याकडे शतकानुशतकं आहेत, मग परदेशी नाव कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. हठयोगप्रदीपिकेतल्या मूलबंधात टाचेने शिवणीवर दाब देऊन गुदद्वार आवळतात आणि अपान वायू वर ओढतात, म्हणजे काम याच स्नायूंकडून घेतात. या जागी आवळण्यासारखं काही आहे हे आपल्या परंपरेला ठाऊक होतं, आणि गावातल्या बाईला व्यायाम समजावताना त्याचा उपयोग जरूर व्हावा. पण मूलबंध ज्या साधकासाठी सांगितला तो निरोगी गृहीत धरला होता. तीन बाळंतपणांत फाटलेल्या, नस ताणलेल्या स्नायूसाठी किती, कसं आणि कधी थांबायचं हे त्यात नाही. शिवाय काही बायकांचा तळ सैल नसतोच. तो सतत आखडलेला असतो. जुनं दुखणं, टाके घातलेली जखम, वर्षानुवर्षं लघवी दाबून धरणं किंवा भीती यांनी स्नायू सुटायचंच विसरतो. मग संबंधाच्या वेळी वेदना होतात, लघवी अडखळते, संडास साफ होत नाही. अशा बाईला आणखी आवळायला सांगितलं तर त्रास वाढतो. तिला आधी श्वासाबरोबर सैल सोडायला शिकवावं लागतं, कधी थेरपिस्टला हाताने गाठ मोकळी करावी लागते. दोघींची तक्रार ऐकायला सारखी वाटू शकते, उपचार मात्र उलटे आहेत.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. पिशवीच काढली की कटकट मिटते, मूल तर झालेलं आहे, मग व्यायामाचा तीन महिन्यांचा खटाटोप कशाला? फडात एक दिवस खाडा पडला तर दंड कापून घेणाऱ्या व्यवस्थेत बाईला हा हिशेब पटतो, आणि त्याबद्दल तिला दोष देणं अन्यायाचं आहे. पण हिशेबच चुकीचा मांडून दिलेला आहे. अंग उतरतं ते पिशवी वाईट असते म्हणून नव्हे, तिला धरणारा तळ आणि बंध ढिले पडतात म्हणून. पिशवी काढल्याने तळ घट्ट होत नाही. उलट पुढे योनीचा वरचा घुमटच खाली उतरू शकतो. खोकताना लघवी सुटणं पिशवी काढून थांबत नाही. सोबत अंडाशयही काढले तर तिशी-पस्तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि पाळी गेल्यावर ऊतींचा जोम घटतो म्हणून तळ आणखीच दुबळा होतो. शस्त्रक्रिया कधीच करू नये असं मी म्हणत नाही. अंग पूर्ण बाहेर आलं असेल, त्यावर जखम झाली असेल, लघवी अडत असेल तर तळाच्या दुरुस्तीसह शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो. मधल्या अवस्थेत योनीत बसवायची रिंगही चांगलं काम करते. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या बाईला मात्र थेट टेबलावर घेण्याचं समर्थन पुराव्यात सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. पण नको ते थांबवण्याचा आदेश बाईचं दुखणं थांबवत नाही. त्या जागी काय द्यायचं, याचं उत्तर हाताशी लागतं.

आणखी एक युक्तिवाद कऱ्हाटीत सहज ऐकू येईल असा आहे: कष्टाच्या बायका काटक असतात, पूर्वीच्या दहा-दहा बाळंतपणं करून रानात राबत, त्यांना काही झालं नाही. झालं नाही की सांगितलं नाही? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या आणि निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होता, एकीमागे सरासरी तीनाहून जास्त. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. आणि 45 टक्के जणींनी आपल्याला काही त्रास नाही असं सांगितलं होतं. तक्रार न करणं आणि तक्रार नसणं यांत केवढं अंतर आहे हे त्या आकड्यांनी कायमचं दाखवून दिलं. काटकपणाबद्दल म्हणायचं तर दंड आणि पाठ मजबूत असल्याने तळ आपोआप मजबूत होत नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई, वैरणीचा भारा आणणारी निमगाव-बावड्याकडची शेतकरीण, उन्हाळ्यात सुप्या-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात हंडे वाहणारी बाई, या साऱ्यांच्या पोटातला दाब दिवसभर खालीच येत राहतो. त्या दाबाच्या क्षणी तळ आधी आवळायची सवय मात्र लावता येते. खोकल्याच्या ऐन आधी आवळण्याची ही युक्ती अमेरिकेत 27 वयस्क बायकांना शिकवली गेली. आठवड्याभरात मध्यम खोकल्यात गळणारी लघवी सरासरी 98 टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यात 73 टक्क्यांनी घटली. त्यांचा त्रास सौम्य होता आणि मोळी उचलणं म्हणजे खोकणं नव्हे, हे खरं. तरी भारा उचलायच्या क्षणी श्वास सोडत तळ वर ओढायला शिकवण्यात गमावण्यासारखं काही नाही.

राहता राहिला शिकवणाऱ्यांचा प्रश्न. एकेका बाईला तासभर देणारी थेरपिस्ट गावोगाव कुठून आणायची? इथे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडातली चाचणी उपयोगी पडते. साठीच्या पुढच्या 362 बायकांना आधी एकेकट्याने तळ आवळायला शिकवलं. मग अर्ध्यांनी बारा आठवडे गटात व्यायाम केला, अर्ध्यांनी एकेकट्याने. वर्षानंतर गळती गटात सुमारे 74 टक्क्यांनी आणि एकेकट्यांत 70 टक्क्यांनी घटलेली होती, म्हणजे गटाचा निकाल जराही कमी पडला नाही. एकदाची तपासणी जाणकार हातांनी, पुढचा सराव बायका-बायकांत, ही रचना बचत गटांच्या मुलखाला परकी वाटायचं कारण नाही. बारामतीत स्वतंत्र महिला रुग्णालय आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. एकदाची तपासणी तिथे बसवता येईल. पुढच्या पाठपुराव्याची वाट तर आधीच पडलेली आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा वेळा घरी जातात. नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याची ही पद्धत बंग यांच्या गडचिरोलीतल्याच कामातून देशभर गेली. त्या भेटींत बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो. त्याच भेटींत बाळंतिणीचा तळ आवळला जातोय का, लघवी सुटतेय का, हे विचारायला पाच मिनिटं पुरतात. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या अशा उपचाराची सत्रं सरकारी विम्यातून दिली जातात. आपल्याकडे सव्वा महिना शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि पोट बांधणं मनापासून होतं. पोट घट्ट बांधलं की खालच्या तळावर दाब वाढू शकतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

ऊसतोडीच्या बायकांबाबत म्हटलं जातं की त्या आज इथे, उद्या तिथे, त्यांच्यावर तीन महिन्यांचा उपचार कसा करणार? पण हंगाम बहुतेक वेळा चार-पाच महिन्यांचा असतो, तेवढा काळ टोळी एकाच कारखान्याला बांधलेली असते, आणि व्यायामाला लागतात बारा आठवडे. म्हणजे पूर्ण उपचार बसेल एवढा सलग वेळ या बायका वर्षातून एकदा कऱ्हाटीतच असतात. बाकीची अडचण कामाची आहे, आणि ती स्नायूच्या व्यायामाने सुटणारी नाही. चाचण्या बहुतांशी सुखवस्तू देशांतल्या बायकांवर झाल्या, ज्यांना घरी संडास आहे आणि डोक्यावर मोळी नाही. इथे कोपीजवळ संडास आणि पाणी नसेल, लघवी टाळण्यासाठी बाई दिवसभर पाणीच पीत नसेल, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ होत असेल, बाळंतपणानंतर दोन-तीन महिनेही तिला मोळी उचलण्यातून सूट मिळत नसेल, तर तिला व्यायाम शिकवून परत त्याच ओझ्याखाली पाठवणं अपुरं आहे. कारखान्याच्या नोंदीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता मोजतात. त्यात ओली बाळंतीण असेल तर तिच्या वाटचं वाहणं कमी करायची जबाबदारी मुकादमावर न सोडता करारातच यायला हवी.

सुरुवात लहानही चालेल. हंगामाच्या आरंभी टोळ्यांची आरोग्य तपासणी होईल तिथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या जोडीला दोन प्रश्न वाढवावेत: खोकताना किंवा मोळी उचलताना लघवी सुटते का, आणि खाली काही उतरल्यासारखं वाटतं का. हे बाईने बाईला, बाजूला घेऊन विचारायचं. ‘हो’ म्हणणारीला महिला रुग्णालयात पाठवायचं, अंग किती उतरलंय आणि तळाला जोर किती आहे हे पाहून व्यायाम शिकवायचा, संसर्ग असेल तर त्याचं औषध द्यायचं, रक्तस्राव असेल तर कारण शोधायचं. हंगाम संपून पट्टा पडायच्या आधी पुन्हा एकदा मोजायचं आणि दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून तिच्या हातात द्यायचे, म्हणजे गावाकडे जो कोणी डॉक्टर पुढे पिशवी काढायचा सल्ला देईल त्याच्यासमोर ती हा कागद ठेवू शकेल आणि विचारू शकेल की तीन महिन्यांत सुधारत असलेली गोष्ट कापायची कशासाठी.